कर्करोगातील लक्षणे आणि वैद्यकीय गांजा

कर्करोगाच्या रुग्णाची मळमळ, उलट्या, वेदना, मेलेली भूक आणि उडालेली झोप यांवर गांजा किंवा त्यातील रसायने औषध म्हणून द्यावीत का, याविषयीचा वैद्यकीय आणि कायदेशीर वाद. यात प्रश्न रोग बरा करण्याचा नसून रुग्णाचे दिवस सुसह्य करण्याचा आहे. हा फरक विसरला गेल्यामुळेच वाद नेहमी भरकटतो.

गांजातील नशा आणणारे मुख्य रसायन म्हणजे टीएचसी. राफाएल मेशुलाम आणि येहिएल गावनी या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये इस्राएलमध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते मेंदूतील ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील रसायने चिकटण्याच्या जागांवर, काम करते, ते ग्राही उलटीचे नियंत्रण करणाऱ्या भागातही असतात. म्हणजे नशाही त्याचीच आणि उलटीवरचा उताराही त्याचाच. एक घेऊन दुसरे टाळणे अवघड. गांजातच असणाऱ्या सीबीडी या दुसऱ्या रसायनाने अशी नशा येत नाही.

सर्वांत भक्कम पुरावा केमोथेरपीनंतरच्या उलट्यांबाबतचा आहे. १९७०च्या दशकात या उलट्या इतक्या भयंकर असत की काही रुग्ण उपचारच सोडून देत. त्याच काळात टीएचसीच्या चाचण्या झाल्या आणि १९८५ मध्ये अमेरिकेत ड्रोनाबिनॉल (कृत्रिम टीएचसी) व नॅबिलोन (त्याच्याशी मिळतेजुळते रसायन) या औषधांना मान्यता मिळाली. १९९१ मध्ये तेथे ओंडान्सेट्रॉन हे उलटीवरचे औषध आले आणि त्यांची गरज बरीच कमी झाली. तरीही नवी औषधे घेऊनही ओकाऱ्या न थांबणारे रुग्ण उरतातच. अशांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या औषधांच्या जोडीला टीएचसी व सीबीडीची कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी २४ टक्के जणांना उलटी झाली नाही आणि जादा औषधही लागले नाही. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ कॅप्सूल, घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. गुंगी आणि चक्कर मात्र वाढली. लाभ मोठा नाही, पण दिवसभर बादलीजवळ बसून काढणाऱ्या माणसाला तो क्षुल्लकही नाही.

वेदनांबाबत चित्र निराशाजनक आहे. मॉर्फिनसारख्या औषधांनी न शमणाऱ्या कर्करोगाच्या वेदनांवर टीएचसी-सीबीडीचा तोंडात मारायचा फवारा मोठ्या चाचण्यांत मुख्य कसोटीवर उतरला नाही. नुसत्या सीबीडी तेलानेही प्रगत कर्करोगाच्या रुग्णांचा एकूण लक्षणभार प्लासिबोपेक्षा अधिक घटल्याचे ऑस्ट्रेलियातील दुसऱ्या एका चाचणीत दिसले नाही.

कॅप्सूलमध्ये मात्रा मोजलेली असते, झाडाच्या फुलोऱ्यात ती दरवेळी निराळी. ओढलेल्या धुराचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो आणि गोळीही पोटात न टिकणाऱ्या रुग्णाला तोच जवळचा वाटतो, हे समर्थकांचे म्हणणे खरे आहे. पण केमोमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला गांजावरच्या बुरशीतून फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. दीर्घकाळ रोज गांजा घेणाऱ्या काहींना तर त्यामुळेच न थांबणाऱ्या उलट्या लागतात. हा विकार २००४ मध्ये प्रथम नोंदवला गेला.

कायद्यांनी संशोधनाची वाट फार काळ अडवली. अमली पदार्थांवरील १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजा सर्वांत कडक यादीत टाकला होता. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी तो त्या यादीतून काढला. कॅलिफोर्नियाने मात्र १९९६ मध्येच जनमताने वैद्यकीय वापराला वाट दिली होती.

गांजाच्या तेलाने गाठ विरघळते, हा दावा या सगळ्यापासून वेगळा आणि घातक आहे. प्रयोगशाळेतील पेशींवर आणि उंदरांवर काही परिणाम दिसले आहेत, पण माणसाचा कर्करोग त्याने बरा होतो असा पुरावा नाही. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत कर्करोगावरील उपचाराच्या जागी गांजा वापरू नये असे बजावले. रुग्णाने गांजा घेत असल्याचे सांगितले, तर डॉक्टरांनी त्याला दोष न देता ऐकून घ्यावे, असेही त्यात म्हटले आहे.