ऑफिसातल्या नेटचे नियम आले कुठून

ऑफिसात नेट कसं वापरायचं याचा कागद सहीसाठी समोर आला की आपल्याकडे जळगाव-धुळ्यात लोकांना वाटतं हे पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांचं फॅड एमआयडीसीत येऊन पोचलं. पण याचं मूळ गिरणीच्या काळातलं आहे. १९४६ साली स्टँडिंग ऑर्डर्सचा, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांचा, कायदा आला आणि त्यात मालकांना सांगितलं गेलं की कामगाराचं कुठलं वागणं गैरवर्तन धरणार ते आधी लिहून काढा, मंजूर करून घ्या आणि इंग्रजीत तसंच बहुतेक कामगारांना कळेल त्या भाषेत गेटजवळ बोर्डावर लावा. जळगाव, धुळे, अमळनेर ही तर गिरण्यांचीच गावं. पुढे १९८३ ला ग्लॅक्सो या औषध कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच केलं की स्टँडिंग ऑर्डरमध्ये जे गैरवर्तन म्हणून लिहिलेलंच नाही त्यासाठी शिक्षा देता येत नाही. मला तरी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आधी सांगा मग पकडा.

नेटच्या आधी भांडण फोनचं होतं. एसटीडी महाग, म्हणून साहेबाच्या टेबलावरच्या काळ्या फोनच्या डायलला छोटं कुलूप असायचं आणि चावी हेडक्लार्ककडे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते मोठ्या शहरांत, आपल्याकडे यायला वेळ लागला, आणि आलं तेही फोनच्याच लाइनवर, मोडेम लावला की फोन एंगेज आणि बिलाचा मीटर चालू, त्यामुळे पहिला नियम कुणी सुरक्षा वगैरे बघून केलेला नव्हताच, तो बिल बघून केलेला होता.

भीती बदलली ती १७ ऑक्टोबर २००० ला आयटी कायदा लागू झाल्यावर. त्यातलं कलम ८५ लोक वाचत नाहीत. कंपनीच्या हातून गुन्हा घडला तर त्या वेळी कारभार बघणारा माणूसही दोषी धरला जातो, सुटायचं असेल तर हे आपल्या नकळत झालं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती हे त्याने दाखवायचं. आता काळजी घेतली हे दाखवणार कशाने? कागदाने! इंटरनेट पॉलिसीवर सह्या घेणं वाढलं त्यामागे हे मोठं कारण आहे. २०२२ मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले, म्हणजे कोणत्या कॉम्प्युटरवरून काय झालं याची नोंद ठेवणंही आलंच.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि नेट प्रत्येकाच्या खिशात गेलं, ऑफिसच्या वायफायला लावलेला फिल्टर तिथे काय कामाचा. उलट ऑफिसचंच काम माणसाच्या स्वतःच्या फोनवर आलं, केळीचे भाव ग्रुपवर, गाडीचा फोटो ग्रुपवर, पतसंस्थेत कर्जाच्या फाइलसाठी सभासदाचं आधार कार्ड क्लार्कच्या गॅलरीत पोरांच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी पडलेलं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा नेमका अशाच माहितीबद्दल आहे.

पाळत ठेवण्याचा प्रश्नही लांबचा नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि दोनच आठवड्यांत युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने रोमानियाच्या बार्बुलेस्कूचा निकाल दिला. हा माणूस कंपनीच्या कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवर भाऊ आणि होणाऱ्या बायकोशी बोलला, कंपनीने ते वाचलं आणि २००७ मध्ये काढून टाकलं. खाजगी वापराला बंदी आहे हे त्याला माहीत होतं, पण मेसेज किती आणि कसे वाचले जातील हे आधी सांगितलंच नव्हतं, कोर्टाने तिथेच बोट ठेवलं. तो निकाल आपल्याला लागू नाही, पण मुद्दा आपल्या गिरणीच्या बोर्डाचाच ना!

सरकारी नोकरांना १९७९ चे वर्तणूक नियम होतेच, जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने सोशल मीडियासाठी वेगळ्या सूचना काढल्या, त्यात वैयक्तिक आणि ऑफिसचं अकाउंट वेगळं ठेवा हेही आहे. खाजगीत मात्र उलटं झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात स्टँडिंग ऑर्डर ३०० किंवा जास्त कामगार असतील तिथेच बंधनकारक. आपल्याकडच्या डाळ मिलमध्ये, जिनिंगमध्ये, सराफी दुकानात ३०० माणसं कुठून असणार? म्हणजे तिथे मालकाने स्वतःहून मराठीत लिहून लावलं तरच नियम आधी कळणार, नाहीतर पगार कापल्यावर.