डोंग्यावरील गॅसटाकी

डोंग्यावरील गॅसटाकी : डोंगा, होडी किंवा लहान मोटारबोटीवर स्वयंपाकासाठी द्रवीभूत पेट्रोलियम वायूची (बोलीत नुसता ‘गॅस’) टाकी बाळगणे, तिच्यात किती गॅस उरला याचा अंदाज ठेवणे आणि संपल्यावर ती बदलून आणणे, हा सगळा व्यवहार या नोंदीत घेतला आहे. विदर्भात नौकेवर कायमची वस्ती करणारा समाज नाही आणि काश्मीर वा केरळातील घरनौकांसारखे स्वयंपाकघरही इथल्या डोंग्यावर नसते. मात्र वैनगंगा, वर्धा व प्राणहिता या नद्या, गोसीखुर्द व इटियाडोहसारखे जलाशय आणि पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी (मामा) तलाव येथे मासेमारी करणारे ढिवर, भोई व केवट जाळी टाकून रात्र काठावर, बेटावर किंवा डोंग्यातच काढतात. त्यांच्या सामानात अलीकडे चुलीच्या जोडीला टाकी आली आहे. पावसाळ्यात नदीपलीकडच्या गावांना भरलेल्या टाक्या पोचवायच्या तर त्याही डोंग्यातूनच न्याव्या लागतात.

नाव व व्युत्पत्ती : मुंबईत टाकीला ‘बाटला’ म्हणतात. विदर्भात ‘सिलेंडर’ सर्वत्र चालते. हिंदीचा शेजार असलेल्या भंडारा-गोंदिया भागात ‘टंकी’ही कानी पडते, तर प्रमाण मराठीत ‘टाकी’ लिहितात. या शेवटच्या शब्दाच्या उगमाबद्दल एकमत नाही. एका मतानुसार मराठी ‘टाके’, गुजराती ‘टांकुं’ व राजस्थानी ‘टांका’ हे शब्द संस्कृत ‘तटाक’ किंवा ‘तडाग’ यांच्याशी जोडलेले असून इंग्रजी ‘टँक’ हा त्यांच्यापासूनच निघाला. दुसरे मत ‘टँक’चे मूळ पोर्तुगीज ‘टांके’ या शब्दात आणि त्याच्याही मागे साचलेल्या पाण्यासाठीच्या लॅटिन शब्दात शोधते. पोर्तुगीज सत्ता पश्चिम किनाऱ्यावर दीर्घकाळ होती, हा या मताचा मुख्य आधार आहे.

तिसरे मत कमी मांडले जाते, पण मराठी कानाला ते लगेच पटते. ‘टाकी’ म्हणजे पाथरवटाची छिन्नी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, या म्हणीतली टाकी ती हीच. खडकात टाकीने कोरून काढले ते ‘टाके’, असा हा अर्थ लागतो आणि डोंगरी किल्ल्यांवरील अशी पाण्याची टाकी पाहता तो ओढूनताणून आणलेला वाटत नाही. अडचण एवढीच की पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांच्या प्राकृत शिलालेखांत अशा कोरीव जलकुंडाला ‘पोढी’ म्हटले आहे. म्हणजे वस्तू जुनी असली, तरी हा शब्द त्या काळी याच अर्थाने रूढ होता असे त्या लेखांवरून म्हणता येत नाही. एतद्देशीय शब्द आधीपासून असावा, पुढे ध्वनीने जवळच्या पोर्तुगीज शब्दाशी त्याची गाठ पडून दोघांचे अर्थ एकमेकांत मिसळले असावेत, हे समन्वयाचे मत अधिक सयुक्तिक दिसते. गॅसच्या संदर्भात मात्र तो इंग्रजी-हिंदीच्या वाटेने परत आलेला पाहुणा आहे. गॅसचा नंबर लावताना ही चर्चा अर्थातच कोणाला आठवत नाही.

‘डोंगा’ या शब्दाचा संबंध काही जण संस्कृत ‘द्रोण’, ‘द्रोणी’शी लावतात, तर काही तो देशी मानतात. एका ओंडक्यात कोरलेला डोंगा आता विरळ झाला असून फळ्यांचे, पत्र्याचे व फायबरचे डोंगे वापरात आहेत.

इतिहास : भारतात घरगुती गॅसची विक्री 1950 च्या दशकाच्या मध्यास मुंबईत सुरू झाली असे सामान्यतः मानले जाते. इंडियन ऑइलने 1960 च्या दशकाच्या मध्यास विक्री सुरू केली. खेड्यांपर्यंत गॅस पोचायला बराच काळ गेला. 2009 मध्ये ग्रामीण वितरकांची योजना आली आणि 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला. विदर्भातील डोंग्यांवर टाकी दिसू लागली ती या दुसऱ्या टप्प्यानंतर असे मानणे सुरक्षित ठरेल. त्याआधी डोंग्याच्या तळाशी ओली वाळू पसरून तिच्यावर मातीची चूल मांडणे, काठावर तीन दगड लावणे किंवा रॉकेलचा स्टोव्ह नेणे हे प्रकार होते. वर्धा नदीच्या कापूसपट्ट्यात चुलीला तुराट्या-पऱ्हाट्या मिळत. वैनगंगेच्या काठी भिस्त जंगलातल्या सरपणावर असे.

जलाशयांमुळे मासेमारीचे स्वरूपही बदलले. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द (इंदिरासागर) प्रकल्पाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पाणी साठत गेल्यावर नदीच्या अरुंद पात्राच्या जागी रुंद फुगवटा आला, जाळ्यापर्यंतचे अंतर वाढले आणि घरी जेवायला परतणे जिकिरीचे झाले.

वायूचे गुणधर्म व डोंग्याचा तळ : घरगुती गॅस हे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. वायुरूपात तो हवेच्या सुमारे दीड ते दोन पट जड असतो आणि नौकेवरील सगळी काळजी या एका गुणातून उद्भवते. घरात गळलेला गॅस जमिनीलगत पसरून दाराखालच्या फटीतून काही अंशी बाहेर जातो. डोंगा हा मुळात वाडगा आहे. पाणी आत येऊ नये म्हणून तो जसा घडवलेला असतो, तसाच आत सांडलेला जड वायू तो बाहेर जाऊ देत नाही.

हिशेबाने पाहता 6 मीटर लांब, 1 मीटर रुंद व 40 सेंटिमीटर खोल डोंग्याची पोकळी सुमारे 2.4 घनमीटर भरते. हवेत गॅसचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की मिश्रण पेट घेऊ शकते. इतक्या पोकळीला त्यासाठी सुमारे 50 लिटर वायू, म्हणजे साधारण 100 ग्रॅम गॅस पुरतो. उघड्या डोंग्यात वारा हे मिश्रण विस्कटतो. फळ्यांचा खोटा तळ असलेल्या किंवा ताडपत्रीने झाकलेल्या नावेत ते टिकून राहते. समुद्रावरील लहान नौकांसाठी आयएसओ 10239 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिथल्या पद्धतीत टाकी नौकेच्या पोटापासून पूर्ण तुटलेल्या कप्प्यात ठेवतात आणि कप्प्याच्या बुडाला थेट नौकेबाहेर उघडणारे छिद्र असते. गळलेला वायू स्वतःच्या जडपणानेच बाहेर पडतो. डोंग्यावर असा कप्पा करायला जागा नसते. टाकी काठावर उतरवून तिथेच रांधणे हाच इथला प्रचलित उपाय आहे आणि तो चांगला आहे.

तोल सांभाळण्यासाठी टाकी आडवी निजवण्याची सवय मात्र घातक आहे. उभ्या टाकीत द्रव खाली व वायू वर असतो आणि झडपेतून वायूच येतो. आडव्या टाकीच्या झडपेशी द्रव येतो. रेग्युलेटरचे काम वायूचा दाब सुमारे 30 ग्रॅम प्रतिचौरस सेंटिमीटरवर आणण्याचे आहे, द्रव अडवण्याचे नाही. एक लिटर द्रवाचा सुमारे 250 लिटर वायू होतो, त्यामुळे शेगडीवरची ज्योत अचानक भडकते. नेतानाही टाकी उभीच, दोराने आडव्या फळीला बांधून, रेग्युलेटर काढून व टोपी लावून नेतात.

उन्हाळा-हिवाळा : प्रोपेन उणे 42 अंश सेल्सिअसला, तर ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतो. म्हणून टाकी संपत आली की आधी प्रोपेन निघून जाऊन ब्युटेनचे प्रमाण वाढलेले असते. पौषातल्या पहाटे, थंड पाण्यावर, ज्योत मंद होते ती यामुळे. टाकीत गॅस असूनही ‘संपला’ असा समज होतो. अशा वेळी टाकी चुलीजवळ सरकवण्याचा मोह होतो, त्यापेक्षा ऊन वर येईपर्यंत थांबावे. मे महिन्यात प्रश्न उलटा असतो. चंद्रपूरकडे पारा 46-47 अंशांवर जातो आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. कारखान्यात टाकी भरताना सुमारे पंचमांश जागा रिकामी सोडतात ती द्रवाला फुगायला वाव मिळावा म्हणून. तरीही टाकीवर ओले गोणपाट टाकून ती सावलीत ठेवणे इष्ट असते.

शिल्लक मोजणे : घरगुती टाकीत 14.2 किलो व लहान टाकीत 5 किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचे वजन तिच्या गळ्याभोवतीच्या पट्टीवर लिहिलेले असते. ते एकूण वजनातून वजा केले की शिल्लक कळते. मासेमाराला यासाठी वेगळे साधन लागत नाही, कारण मासोळी तोलायचा आकड्याचा काटा त्याच्याजवळ असतोच. हलत्या डोंग्यात काटा थरथरतो, म्हणून हे काम काठावर उरकायचे. काटा नसल्यास टाकीला ओले फडके फिरवतात. वरचा रिकामा भाग लवकर सुकतो, द्रव असलेला भाग थंड राहून उशिरा सुकतो. दोन्हींमधली रेघ हीच पातळी. मध्यम बर्नर तासाला साधारण 150 ते 180 ग्रॅम गॅस जाळतो. दिवसाला दोन तास धरले, तर 5 किलोची टाकी पंधरवडाभर पुरते.

पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर व वर्षाचे आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च आणि पुढची अक्षरे पुढच्या तिमाह्या. ही पुढील चाचणीची मुदत होय. टाकी घेताना वजन पाहणारे पुष्कळ, अक्षर पाहणारे थोडे.

टाकी बदलणे : भारतात ग्राहक आपली टाकी भरून घेत नाही. रिकामी देऊन भरलेली घेतो आणि भरण्याचे काम परवानाधारक बॉटलिंग प्रकल्पातच होते. युरोपात नौकेने एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्यांना टाक्यांच्या जोडण्या न जुळण्याची अडचण येते. विदर्भात जोडणीची अडचण नसते, अडचण काठाची असते. ग्राहकाची गॅसजोडणी गावच्या पत्त्यावर, एजन्सी तालुक्याला आणि माणूस पाण्यावर, अशी ही विभागणी आहे. मोबाइलवर नंबर लागतो, पण टाकी देताना सांगायचा आकडी संकेत त्याच मोबाइलवर येतो आणि तो मोबाइल बहुधा डोंग्यात असतो. विनाजोडणी मिळणारी 5 किलोची टाकी ओळखपत्रावर पेट्रोल पंप किंवा किराणा दुकानातूनही घेता येते. मासेमारांच्या मुक्कामाला तीच अधिक सोयीची. 2021 पासून विकल्या जाणाऱ्या वजनाला हलक्या संमिश्र (पोलादाऐवजी प्लॅस्टिक व काचतंतूंच्या) टाकीतून आतली पातळी दिसते आणि ती गंजत नाही, पण खेड्यात ती क्वचितच आढळते.

मोठ्या टाकीतून लहान बिनछापाच्या टाकीत गॅस काढून देणारी दुकाने आठवडी बाजारांच्या गावी असतात. हा व्यवहार बेकायदा आहे आणि त्यात फुगण्यासाठीची रिकामी जागा राखली जाईल याची शाश्वती नसते.

कायद्याच्या बाजूने पाहता अंतर्देशीय नौका अधिनियम, 2021 मध्ये बिनयंत्र नौकांचाही विचार आहे. वैनगंगा-प्राणहिता मार्ग 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आला. डोंग्यावरच्या शेगडीपर्यंत यांतले काही अद्याप पोचलेले दिसत नाही.

पाण्यात पडलेली टाकी : भरलेली 14.2 किलोची टाकी एकूण सुमारे 30 किलो भरते, पण तिची आतली जागाच 33 लिटरहून अधिक असल्याने ती बुडत नाही, तरंगत वाहत जाते. पुरात भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटा नदीचे पाणी घरांत शिरते, तेव्हा टाकी बांधून ठेवावी लागते ती यासाठीच. वाहून सापडलेल्या टाकीच्या झडपेत गाळ बसलेला असतो. टोपी जागेवर असली तरी आतला रबरी वायसर खराब झाल्याची शक्यता धरून तिला रेग्युलेटर न लावता ती एजन्सीकडे परत करतात. गळती असल्यास देशभर 1906 हा क्रमांक आहे.