धूर टायरचा, बिल डिफ्रन्शियलचं

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या ट्रक शोचे व्हिडिओ बघितले असतील तर हे दृश्य ओळखीचं असेल, लांब नाकाचा ट्रॅक्टर (शेतातला नव्हे, ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा भाग), मागे ट्रेलर नाही, गाडी जागेवर उभी आणि मागची आठ चाकं गरगर फिरतायत, दोन मिनिटांत सगळं मैदान पांढरं. याला बर्नआउट म्हणतात. खाली कमेंट्समध्ये बहुतेक सगळे टायरच्या किमतीवर बोलतात. टायर जातोच, त्यात वाद नाही, पण माझं म्हणणं असं की टायर जोपर्यंत घसरतोय तोपर्यंत बाकीची गाडी बऱ्यापैकी सुरक्षित असते, खरं नुकसान टायर परत रस्ता पकडतो त्या क्षणी होतं, नाहीतर डिफ्रन्शियलच्या आत, म्हणजे मागच्या एक्सलवरच्या त्या गिअरच्या डब्यात जो दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो, जिथे कॅमेरा पोचत नाही.

आधी आकडे बघू. तिकडच्या १५ लिटरच्या सहा सिलिंडर डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण २५०० न्यूटन मीटर, तोही हजार-बाराशे आरपीएमलाच हजर. १८ गिअरच्या बॉक्समध्ये सगळ्यात खालचा गिअर १४.४ पट, त्यापुढे क्राऊन-पिनियन (एक्सलमधली शेवटची गिअरजोडी) ३.७३ पट, म्हणजे कागदावर चाकांपर्यंत सव्वा लाख न्यूटन मीटरपेक्षा जास्त जोर पोचू शकतो. आता रिकाम्या ट्रॅक्टरच्या मागच्या दोन एक्सलवर वजन किती, तर साडेतीन-चार टन. कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या साधारण ०.७ पट धरली आणि चाकाची त्रिज्या अर्धा मीटर, तर बारा-तेरा हजार न्यूटन मीटरला चाकं सुटतात, म्हणजे पकड सोडून जागेवर फिरायला लागतात. इंजिन देऊ शकतं त्याच्या एक दशांश! म्हणजे टायर इथे फ्यूजचं काम करतो, त्याच्यापुढचा जोर गिअरबॉक्सला, जॉइंटला, एक्सलला सोसावाच लागत नाही, कारण तेवढा जोर लागायच्या आत चाक फिरून जातं.

मग खालच्या गिअरमध्येच का नाही करत? कारण चाक सुटेल पण वेग येणार नाही. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या वेगाला मर्यादा घालणारी यंत्रणा, दोन हजार आरपीएमच्या आसपास इंजिनाला अडवतो, आणि गिअरबॉक्स व क्राऊन-पिनियन मिळून एकूण रेशो ५० असेल तर चाक मिनिटाला जेमतेम ४० फेरे मारेल, त्यात धूर कसला निघतोय. धुरासाठी वरचा गिअर लागतो, एकूण रेशो पाचच्या आसपास, तेव्हा टायरचा पृष्ठभाग ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने रस्त्यावर घासला जातो आणि इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद, ३५०-४०० किलोवॅट, टायर आणि डांबर यांच्यामधल्या पातळ थरात उष्णता होऊन बसते. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचं प्रमाण कारच्या टायरपेक्षा जास्त असतं, ते लांबच्या प्रवासात कमी तापतं म्हणून वापरतात, पण एका मर्यादेपलीकडे तापलं की तेच रबर मऊ चिकट होत जातं आणि आतल्या स्टीलच्या पट्ट्यांपासून सुटायला लागतं. आत हवा १००-१२० पीएसआय. अशा टायरजवळ मोबाईल घेऊन उभं राहणारे लोक दिसले की खरंच भीती वाटते.

आता वरच्या गिअरमध्ये एक अडचण येते. तिथे टायर सोडवण्यापुरताच टॉर्क मिळतो, मग काही ड्रायव्हर काय करतात, इंजिन फुल रेस करून क्लचवरून पाय झटकन काढतात. इथे हिशोब बदलतो, कारण आता नुसता इंजिनाचा टॉर्क नाही तर इंजिनाच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकात, फ्लायव्हीलमध्ये, साठलेली ऊर्जाही एका झटक्यात सगळ्या साखळीतून जाते. आणि टायर सुटला तरी तो सलग घसरेल असं नाही, कधी पकडतो, कधी सोडतो, मागचा एक्सल स्प्रिंगवर उड्या मारायला लागतो, याला व्हील हॉप म्हणतात. चाक हवेत गेलं की फिरायला मोकळं, खाली आपटलं की एकदम थांबतं, आणि ते सेकंदात कित्येक वेळा. प्रत्येक आपटीला दोन जुळी चाकं, ड्रम, इंजिन सगळ्यांचा फिरता जोर एका एक्सल शाफ्टमधून, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यातून, जातो. धूर कमी आणि उड्या जास्त असं दिसलं तर समजा गाडीची वाट लागतेय.

तुटलेला शाफ्ट हातात घेतला तर तो कशाने तुटला हे बरंच कळतं. रोजच्या कामाने थकून तुटला असेल तर कापावर एकामागे एक गुळगुळीत वळ्या दिसतात, तडा रोज थोडा पुढे गेल्याच्या त्या खुणा. एका झटक्यात तुटला असेल तर सगळा काप खरखरीत, दाणेदार. आणि कधीकधी तुटलेला नसतोच, फक्त टोकाच्या स्प्लाइन्स (लांबीच्या दिशेने कापलेले दात) सरळ राहिलेल्या नसतात, पिळल्यासारख्या तिरप्या झालेल्या असतात, असा शाफ्ट आज चालतो पण त्याचा भरवसा संपला. गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटमधल्या क्रॉसचंही तसंच, बेअरिंगच्या सुयांचे ओरखडे क्रॉसवर उमटले की पुढे गाडी साध्या रस्त्यावरही थरथरते.

पण सगळ्यात वाईट मरण स्टार गिअरचं. डिफ्रन्शियलमधले ते चार छोटे गिअर वळणावर दोन चाकांच्या वेगातला थोडासा फरक सांभाळण्यासाठी असतात, मिनिटाला थोडे फेरे, तेही हळू. एक चाक थांबलं आणि दुसरं फिरत राहिलं तर फिरणारं चाक दुप्पट वेग घेतं आणि हे गिअर ज्या अधिक चिन्हासारख्या क्रॉसवर बसवलेले असतात त्यावर सुसाट फिरायला लागतात. केंद्रापासून बाहेर फेकणाऱ्या जोराने तेल उडून जातं, धातू धातूवर कोरडा घासतो, निळा पडतो, मग एकमेकाला चिकटतो. काही सेकंद पुरतात. दोन चालते एक्सल असलेल्या गाडीत दोघांच्या मधेही एक डिफ्रन्शियल असतो, पुढचा एक्सल उभा आणि मागचा फिरतोय असं झालं की पहिला बळी तोच. म्हणून बर्नआउट करणारे जाणकार ते मधलं लॉक, म्हणजे दोन्ही एक्सल एकाच वेगाने फिरवणारं कुलूप, आधीच लावून घेतात.

हा भाग आपल्याकडच्या लोकांनी नीट वाचावा, कारण इथे कोणी बर्नआउट करत नसलं तरी उसाच्या फडात, काळ्या मातीत रुतलेला भरलेला ट्रक रोज दिसतो. एका बाजूचं चाक चिखलात फिरतंय, दुसरं हलत नाही, आणि ड्रायव्हर ॲक्सिलेटर दाबून धरतो. स्टार गिअरसाठी ही तीच परिस्थिती. शिवाय स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागचा वेग दाखवतो, म्हणजे तो ४० म्हणतो तेव्हा ते एकटं चाक ८० ने फिरत असतं. टायर कंपन्या म्हणूनच सांगतात की रुतलेल्या गाडीत काटा ५५ च्या वर जाऊ देऊ नका, टायर फुटू शकतो. डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं डिफ्रन्शियलचं कुलूप) असेल तर चाकं थांबलेली असताना लावा, फिरत्या चाकावर लावलं तर लॉकचेच दात जातात.

आणि चाक असं बराच वेळ फिरलं असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता डिफ्रन्शियलचा खालचा प्लग उघडायला सांगा. बऱ्याच गाड्यांत त्याला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा बारीक लगदा असेल तर ती नेहमीची झीज आहे, तेल बदला आणि चालवा. चकाकणारे तुकडे किंवा पापुद्रे लागले असतील तर हाऊसिंग उघडा, कारण ते तुकडे तेलाबरोबर क्राऊन-पिनियनच्या दातांत आणि बेअरिंगमध्ये फिरत राहतात आणि मग एका गिअरसेटचं काम सगळ्या एक्सलवर जातं.