उभा अँटेना, सुवाह्य (हौशी रेडिओ)

उभा अँटेना, सुवाह्य : हौशी रेडिओ केंद्र वावरात, गडावर किंवा डोंगरमाथ्यावर तात्पुरते मांडताना वापरायचा, पाव तरंगलांबीचा (लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढा) उभ्या तारेचा अँटेना. सवय झाली की एकट्या माणसाला अर्ध्या-पाऊण तासात उभा करता येतो. आडव्या तारेसारखी टांगायला त्याला दोन झाडे लागत नाहीत. लघुलहरींवर त्याचे प्रक्षेपण क्षितिजाजवळच्या कमी कोनात होते, त्यामुळे लांबची केंद्रे गाठायला तो चांगला. जळगावहून पुण्या-मुंबईशी ७ मेगाहर्ट्झवर दिवसा बोलायचे असेल, तर मात्र जमिनीपासून चार-पाच मीटरवर आडवी बांधलेली द्विध्रुव (मध्यावर केबल जोडलेली, दोन समान तुकड्यांची) तारच सरस ठरते. तिच्या लहरी जवळपास सरळ वर जाऊन तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात, उभ्या अँटेनाच्या त्या परिसरावरून पुढे निघून जातात.

या अँटेनाचे दोन अर्धे असतात : वर दिसणारी तार आणि जमिनीवर पसरलेल्या रेडियल तारा. कोॲक्स केबलची मधली तार उभ्या तारेला आणि बाहेरची जाळी रेडियलना जोडतात. वर जेवढा विद्युतप्रवाह जातो तेवढाच खालून परत यावा लागतो. रेडियल अपुऱ्या असतील तर तो मातीतून येतो आणि प्रक्षेपकाची शक्ती मातीच तापवते. नवशिक्याचे बहुतेक अपयश या खालच्या अर्ध्यात असते.

लांबी : ७१.३ या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की उघड्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी १०.०४ मी., १४.२ साठी ५.०२ मी., २१.२ साठी ३.३६ मी., २८.५ साठी २.५० मी. प्लास्टिकचे आवरण असलेली तार दोन ते चार टक्के आखूड लागते. तरीही सुरुवात १०.२ मीटरपासून करावी. जास्तीची तार दुमडता येते, कमी पडलेली वाढवताना जोड द्यावा लागतो.

साहित्य : मासेमारीच्या गळासारखी एकात एक सरकणारी १० मीटरची फायबर-ग्लासची काठी, घरगुती वायरिंगची १ चौ. मिमी. बहुतारी वायर साधारण ९५ मीटर, आरजी-५८ जातीची कोॲक्स केबल १० मीटर, आठ-आठ मीटरच्या तीन नायलॉन दोऱ्या, खुंट्या, पायथ्याशी केबल जोडायचे एसओ-२३९ सॉकेट बसवलेली प्लास्टिकची पट्टी, अँटेना ॲनलायझर (अँटेनाचा रोध मोजणारे उपकरण) किंवा त्याच कामाचे छोटे नॅनोव्हीएनए. कार्बन फायबरची काठी घेऊ नये, ती वीजवाहक असते. वाळलेला बांबू चालतो, हिरवा नको. तार काठीला बांधायला चिकटपट्टी वापरू नये. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की तिचा डिंक वितळतो आणि तार घसरते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या अधिक पक्क्या. काठीच्या सांध्यांवरही त्याच गुंडाळाव्यात, म्हणजे वाऱ्याने भाग आत बसत नाहीत.

जमीन आणि रेडियल : तापी खोऱ्यातील काळी कपाशीची माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. एप्रिल-मे महिन्यांत तीच माती वरून कोरडी ठणठणीत होते, भेगा पडतात. म्हणून पोळ्याला जुळवलेला अँटेना आखाजीला त्याच बांधावर वेगळे आकडे दाखवतो. दोष तारेत शोधू नये.

जमिनीवर टाकायच्या रेडियल पाव तरंगलांबीच्याच हव्यात, ही समजूत चुकीची आहे. मातीला चिकटलेली तार अनुनाद (ठरावीक वारंवारतेला जुळून राहण्याचा गुण) गमावते, तिथे लांबीपेक्षा संख्या महत्त्वाची. ७ मेगाहर्ट्झसाठी १० मीटरच्या चार तारांपेक्षा ५ मीटरच्या सोळा तारा पायथ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसराव्यात. वायर ८० मीटर लागते. कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत ओळींमधून टाकल्या तरी चालतात, थोड्या वाकल्याने बिघडत नाही.

तोरणमाळसारख्या सातपुड्यातल्या पठारावर किंवा धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या माथ्यावर हिशेब बदलतो. तिथे पातळ मातीखाली बेसाल्ट असतो, तो वीज जवळजवळ वाहत नाही. अशा जागी अँटेनाचा पायथा जमिनीपासून एक ते दीड मीटर उंच ठेवावा आणि समोरासमोर दोन, जमल्यास चार रेडियल तेवढ्याच उंचीवर ताणाव्यात. या उचललेल्या तारा मात्र पाव तरंगलांबीच्याच हव्यात. त्यांच्या टोकांना विजेचा दाब मोठा असतो, हात लागला तर भाजते.

उभारणी : प्रथम वर बघावे. शेतातून जाणाऱ्या ११ केव्ही वाहिनीपासून काठीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर राखावे. काठी कुठेही पडली तरी वाहिनीला लागता कामा नये. पत्र्याचे शेड आणि तारेचे कुंपणही लांब हवे, ती अनुनाद ओढून नेतात. दोऱ्या काठीच्या दोन-तृतीयांश उंचीवर बांधून १२० अंशांच्या अंतराने ताणाव्यात. भेगाळलेल्या काळ्या मातीत छोटी खुंटी टिकत नाही. १० मिमी. जाडीची, ६० सेंमी. लांबीची सळई काठीच्या विरुद्ध बाजूला कलती ठोकावी, तीही भेग टाळून. खडकावर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळतात.

जुळवणी : ॲनलायझर आधी उघडे, बंद (शॉर्ट) आणि ५० ओहम या तीन टोकांवर प्रमाणित करून घ्यावा. माप शक्यतो अँटेनाच्या पायथ्याशी घ्यावे, कारण लांब केबलच्या दुसऱ्या टोकाला रोध आणि प्रतिक्रिया (रिॲक्टन्स, म्हणजे तार लांब-आखूड असल्याने येणारा अडथळा) यांचे आकडे बदललेले दिसतात. प्रतिक्रिया शून्य होते ती वारंवारता म्हणजे अनुनाद. तो हव्या जागेच्या खाली असेल तर तार लांब आहे, वर असेल तर आखूड. नवी लांबी = जुनी लांबी × मिळालेला अनुनाद ÷ हवा असलेला अनुनाद. १०.२ मीटर तारेचा अनुनाद ६.९५ वर आला आणि ७.१० हवा असेल, तर ९.९८ मी., म्हणजे सुमारे २२ सेंमी. कमी. तार कापू नये. टोक मागे दुमडून स्वतःभोवतीच घट्ट पिळावे. पुढच्या जागी ती पुन्हा उलगडावी लागेल.

आता सर्वात फसवा आकडा. उत्तम जमिनीवर पाव तरंगलांबीच्या उभ्या तारेचा रोध सुमारे ३६ ओहम असतो, त्यामुळे ५० ओहमच्या केबलवर एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळले ते दाखवणारा आकडा, १.० म्हणजे पूर्ण जुळले) १.४ च्या आसपास येतो. चारच रेडियल टाकल्या आणि १.० दिसला, म्हणजे रोध ५० ओहम झाला, तर जास्तीचे १४ ओहम मातीतले आहेत, आणि १०० वॅटपैकी २८ वॅट मातीत जात आहेत. रेडियल वाढवल्यावर एसडब्ल्यूआर चढतो. तो बिघाड नसून सुधारणा आहे. रेडियल वाढवत जावे, अनुनादावरचा रोध उतरायचा थांबला की पुरे.

आखूड दांडा : काठी आणि तारेऐवजी वापरायचा ५.६ मीटरचा सरकता स्टीलचा दांडा १४ मेगाहर्ट्झला सुमारे पाच मीटर उघडला की वेटोळ्याशिवाय चालतो. ७ मेगाहर्ट्झसाठी पूर्ण उघडून पायथ्याशी साधारण ८ मायक्रोहेन्रीचे वेटोळे लागते : ५० मिमी. व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर ३५ मिमी. लांबीत १४ वेढे. वेढ्यांवर चिमट्याने टॅप (जोडणीची जागा) बदलून अनुनाद आणतात. या दांड्याचा प्रक्षेपण-रोध जेमतेम ८ ओहम असतो. जमिनीतला तोटा १५ ओहम असेल, तर निम्म्याहून कितीतरी कमी शक्ती हवेत जाते. अँटेना जितका आखूड, तितक्या रेडियल जास्त हव्यात.

बिघाड : केबल हातात धरल्यावर एसडब्ल्यूआर हलत असेल, तर केबलची जाळीच रेडियलचे काम करते आहे. पायथ्याशी २.४ इंची, ४३ मिश्रणाच्या फेराइट कड्यावर केबलचे दहा-बारा वेढे घ्यावेत. अनुनाद कुठेच सापडत नसेल तर कनेक्टरमधली न डागलेली जाळी मल्टिमीटरने तपासावी. ऐकताना सेकंदा-दीड सेकंदाला टक्-टक् येत असेल, तर जवळ रानडुकरांसाठी लावलेले झटका मशीन असते. सतत घरघर असेल तर सौर पंपाचा कंट्रोलर. दोन्हींवर उपाय एकच : जागा बदलणे.

भारतात प्रक्षेपणासाठी दूरसंचार विभागाचा हौशी केंद्राचा परवाना लागतो. ठरलेल्या जागेबाहेर केंद्र मांडण्यापूर्वी त्यातील अटी पाहाव्यात. वळवाचे ढग दिसताच केबल रेडिओपासून काढून काठी खाली घ्यावी. आवरताना रेडियल मोजून गुंडाळाव्यात. सोळातली एक जरी वावरात राहिली, तरी ती रोटाव्हेटरच्या पात्यांत किंवा गुरांच्या चाऱ्यात जाते.