अर्ध्या इंचाची गिचमिड

इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्यांना ‘कॅट’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. संस्थेचं नाव २००५ साली बदलून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झालं, पण रिक्षावाल्याला अजून ‘कॅट रोड’च कळतो. विज्ञान दिनाच्या निमित्ताने तिथे विद्यार्थ्यांना आत नेऊन यंत्रं दाखवतात. अकरावीतली माझी भाची यंदा जाऊन आली आणि आल्या आल्या ओट्याला टेकून म्हणाली, “मावशी, तिथे इलेक्ट्रॉनला नुसतं वळवलं की तो उजेड देतो!”

तिने पाहिलं होतं ते ‘इंडस-२’. सुमारे १७२ मीटर परिघाचं कडं, त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळणारे इलेक्ट्रॉन. मोठमोठी चुंबकं त्यांना वळवतात आणि प्रत्येक वळणावर ते थोडी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने समोर फेकतात. पावसात स्कूटर जोरात वळवली की चाकाचं पाणी सरळ रेषेत उडतं, तसं काहीसं. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. त्यातल्या क्ष-किरणांनी प्रथिनांची आणि मिश्रधातूंची आतली रचना तपासतात.

“आकाशात होतं का असं कुठे?” तिचा पुढचा प्रश्न.

होतं की. वृषभ राशीत खेकडा तेजोमेघ आहे. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी तिथे एक ‘पाहुणा तारा’ नोंदवून ठेवला. तो भर दिवसाही दिसत होता. त्या फुटलेल्या ताऱ्याचे हे अवशेष. त्यांच्या मधोमध जी निळसर प्रभा दिसते ती कॅटमधल्या उजेडाचीच बहीण: चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रकाश. पण मग कोडं असं, की जवळजवळ हजार वर्षं त्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जा पुरवतंय कोण? ते उत्तर ज्या मुलीमुळे हाती लागलं तिचं नाव भाचीला माहीत नव्हतं. मी एकतीस वर्षं फिजिक्सच्या प्रॅक्टिकलांना उभी राहिले. खरं सांगायचं तर नोकरीची पहिली बरीच वर्षं मलाही नव्हतं.

जोसेलिन बेल. जन्म १९४३चा, उत्तर आयर्लंडमधला. शाळेत मुलींना पाकशास्त्राकडे आणि मुलांना प्रयोगशाळेकडे पाठवलं, तेव्हा तिच्या आईवडिलांनी जाऊन भांडण केलं. तीन मुलींना विज्ञानाच्या वर्गात घेतलं गेलं आणि पुढच्या परीक्षेत ही पहिली आली. त्याआधी अकराव्या वर्षीच्या सरकारी निवड परीक्षेत ती चक्क नापास झाली होती, हेही सांगून टाकते. आमच्याकडे एका परीक्षेवरून मुलांचा निकाल लावणाऱ्या पालकांची कमी नाही. ग्लासगो विद्यापीठात फिजिक्स ऑनर्सच्या पन्नास जणांत ती एकटी मुलगी. मुलगी वर्गात शिरली की मुलांनी पाय आपटायचे, शिट्ट्या मारायच्या, अशी तिथली रीत. चेहरा लाल होऊ द्यायचा नाही, हे ती तिथेच शिकली.

१९६५मध्ये ती केंब्रिजला पोचली आणि तिला मनोमन खात्री वाटू लागली, की आपल्याला चुकून घेतलंय आणि हे लवकरच कुणाच्या तरी लक्षात येणार. तिने ठरवलं, हाकलतील तेव्हा हाकलतील, पण आपल्याकडून कसूर राहू द्यायची नाही. पुढची सगळी गोष्ट या भित्र्या काटेकोरपणातून निघते, म्हणून हे लक्षात ठेवा.

तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांना क्वेसार शोधायचे होते, म्हणजे फार फार दूरच्या आकाशगंगांची झगझगीत केंद्रं. युक्ती सुंदर होती. डोळ्यांना तारे लुकलुकताना दिसतात, ग्रह लुकलुकत नाहीत, कारण तारा बिंदूएवढा आणि ग्रह थाळीएवढा दिसतो. रेडिओ लहरींचंही तसंच. सूर्याकडून वाहणाऱ्या सौरवाऱ्यातून येताना बिंदूएवढे स्रोत लुकलुकतात, पसरलेले नाहीत. तेव्हा लुकलुकणारं शोधा, क्वेसार सापडतील. त्यासाठी साडेचार एकर शेतात हजारावर खांब रोवून, दोन हजारांच्या आसपास अँटेना आणि दोनशे किलोमीटरच्या जवळपास तार ताणून दुर्बीण उभी करायची होती. पाच-सहा जणांनी ती दोन वर्षांत उभी केली. घण जोसेलिननेही चालवला.

इथे एक बारीक तांत्रिक मुद्दा आहे आणि सगळं त्याच्यावर टेकलेलं आहे. त्या काळातल्या रेडिओ दुर्बिणी सहसा बराच वेळ संदेश गोळा करून त्याची सरासरी काढत. सरासरीत भरभर होणारी उघडझाप पुसली जाते. ह्युइशना लुकलुक हवी होती, म्हणून हे यंत्र सेकंदाच्या अंशात होणारा बदलही टिपत होतं. एकासाठी बांधलं, सापडलं दुसरंच.

१९६७च्या जुलैमध्ये दुर्बीण सुरू झाली. संगणक हाताशी नव्हता. पेनं कागदाच्या पट्टीवर रेघा ओढत, रोज ९६ फूट. सगळं आकाश एकदा पाहायला चार दिवस, म्हणजे चारशेच्या जवळपास फूट कागद. तो कागद डोळ्यांनी वाचायचं काम एका जोसेलिनचं. खऱ्या स्रोताची लुकलुक कशी दिसते आणि कुणाच्या तरी गाडीच्या इंजिनाचा खरखराट कसा दिसतो, हे तिला काही आठवड्यांत ओळखता येऊ लागलं. ऑगस्टमध्ये तिला एक खूण दिसली जी दोन्हींत बसेना. अर्धा इंचभर गिचमिड, बस. चारशे फुटांत अर्धा इंच! दुसरा कुणी असता तर प्रश्नचिन्ह काढून पुढे गेला असता. तिला आठवलं, आकाशाच्या याच तुकड्यात हे आपण पूर्वीही पाहिलंय.

मागच्या पट्ट्या काढल्या. गिचमिड अधूनमधून येत होती, पण यायची ती घड्याळाच्या नव्हे, ताऱ्यांच्या वेळेला. पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी २४ तासांची नसून २३ तास ५६ मिनिटांची असते, म्हणून आज रात्री साडेनऊला डोक्यावर असलेला तारा उद्या नऊ वाजून २६ मिनिटांनीच तिथे येतो. माणसाची यंत्रं २४ तासांच्या घड्याळावर चालतात. रोज चार मिनिटं अलीकडे सरकणारी गोष्ट आकाशातलीच असायची, किंवा मग ताऱ्यांच्या घड्याळावर जगणाऱ्या दुसऱ्या कुण्या खगोलशास्त्रज्ञाची.

कागद जास्त वेगाने सरकवला तर खूण ताणून दिसेल, तपशील कळेल. त्यासाठी तिने रोज वेधशाळेत जायला सुरुवात केली, तर आठवडेच्या आठवडे गिचमिड गायब. अखेर २८ नोव्हेंबरला ती सापडली: टोक, टोक, टोक, समान अंतरावर. दोन टोकांमध्ये १.३३७ सेकंद. ह्युइशना फोन केला तर ते म्हणाले, मग हे माणसाचंच काम.

ताऱ्यासारखी अवाढव्य वस्तू सव्वा सेकंदात उघडझाप करू शकेल, असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. मग चंद्रावरून परतणारं रडार, विचित्र कक्षेतला उपग्रह, दुर्बिणीजवळची पत्र्याची मोठी इमारत, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. दुसऱ्या दुर्बिणीलाही तेच दिसलं, म्हणजे तारांची चूक नव्हती. मग अंतर काढलं, आणि तेही मजेदार रीतीने. अवकाशात विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांतून येताना कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. आमच्या इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, गर्दी आठवा. राजवाड्यापाशी एक सडपातळ पोरगा आणि एक धिप्पाड काका एकाच क्षणी गर्दीत शिरले, तर दोघे बाहेर पडण्यात जितका फरक पडेल त्यावरून मधे किती गर्दी होती हे कळतं. तसं मोजल्यावर दिसलं, की स्रोत सूर्यमालेच्या पार पलीकडे आहे, पण आपल्याच आकाशगंगेत.

थट्टेने त्याला नाव पडलं एलजीएम-१, हिरव्या बुटक्या माणसांची आद्याक्षरं. कुणी परग्रहावरून हाक मारत असेल तर तो ग्रह आपल्या सूर्याभोवती फिरेल आणि ठोक्यांचं अंतर किंचित कमी-जास्त होईल. ते तपासलं, सापडली ती फक्त आपल्या पृथ्वीची गती. जोसेलिनला मात्र या थट्टेचा वैताग आला होता. पीएचडीचे पैसे संपत आलेले आणि हे परग्रहवासी नेमके माझ्याच दुर्बिणीत कडमडायचे?

२१ डिसेंबरच्या रात्री जुने कागद चाळताना आकाशाच्या अगदी वेगळ्या भागात तिला दुसरी गिचमिड दिसली. तो भाग त्याच पहाटे दुर्बिणीसमोर येणार होता. कडाक्याच्या थंडीत यंत्र नीट चालत नसे. तिने बटणं खटखटवली, शिव्या घातल्या, तोंडाची वाफ दिली. नेमकी हवी ती पाच मिनिटं ते चाललं. टोक, टोक, टोक, या वेळी १.२ सेकंदांनी. विश्वाच्या दोन टोकांना बसलेले बुटके एकाच वेळी एकाच पृथ्वीला खुणावणार नाहीत. हा ताऱ्यांचाच नवा प्रकार होता. नंतर एका पत्रकाराने त्याला पल्सर म्हटलं. मराठीत आपण स्पंदक म्हणतो.

तो काय असतो हे १९६८मध्ये खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी सांगितलं: गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. मोठा तारा फुटताना त्याचा गाभा स्वतःवरच कोसळतो. सूर्याच्या सुमारे दीडपट वस्तुमान, आणि व्यास २० किलोमीटरच्या आसपास, इंदूरहून महूला जाण्याएवढा. चमचाभर माल शंभर कोटी टनांच्या वर भरेल. मंगळागौरीत गिरकी घेताना पसरलेले हात छातीशी घेतले की वेग वाढतो, हे आमच्याकडच्या बायकांना न्यूटन न वाचताही ठाऊक असतं. हजारो किलोमीटरवरून एवढासा झालेला गाभा किती गरगरेल, याचा अंदाज करा. त्याच्या चुंबकीय ध्रुवांतून रेडिओ लहरींचा झोत निघतो आणि दीपगृहासारखा फिरत राहतो. झोत आपल्यावरून गेला की एक ठोका.

त्याच वर्षी खेकडा तेजोमेघात सेकंदाला तीस ठोके देणारा पल्सर सापडला आणि पल्सर म्हणजे न्यूट्रॉन तारा की श्वेतबटू (लहान ताऱ्याचा विझत चाललेला, पृथ्वीएवढा गाभा), हा वाद मिटला. श्वेतबटू एवढ्या वेगाने फिरला तर फुटून जाईल. न्यूट्रॉन तारा टिकतो. हा पल्सर अगदी सावकाश मंदावतोय, आणि गिरकीतून कमी होणारी ती ऊर्जा इलेक्ट्रॉनांना मिळतेय. मघाच्या कोड्याचं उत्तर हे.

शोधनिबंध २४ फेब्रुवारी १९६८ला ‘नेचर’मध्ये आला, पाच लेखकांत जोसेलिनचं नाव दुसरं. पत्रकार आले. खगोलशास्त्राचे प्रश्न ह्युइशना, आणि हिला काय? तुझे मित्र किती, कंबर किती इंच. छायाचित्रकारांनी ब्लाउजची बटणं उघडायला सांगितली. त्याच सुमारास बोटात साखरपुड्याची अंगठी आली, तर लोकांनी शोधापेक्षा तिचंच अभिनंदन जास्त केलं. १९७४चं नोबेल ह्युइश आणि केंब्रिजच्याच रेडिओ खगोलशास्त्र गटाचे प्रमुख मार्टिन राइल यांना मिळालं. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी यावर जाहीर टीका केली. ती मात्र म्हणत राहिली, की विद्यार्थ्यांना नोबेल देणं अपवादानेच बरं. मला हे तिचं म्हणणं पटत नाही. पट्टीवरची खूण पाहणारी, आठवणारी आणि मागे लागणारी तीच होती. इथे विद्यार्थी हा हुद्दा झाला, काम नव्हे.

पुढची वीसेक वर्षं आपल्याकडच्या कितीतरी बायकांना ओळखीची वाटतील. नवऱ्याची बदली झाली की हिने बिऱ्हाड हलवायचं आणि नव्या गावात मिळेल ते काम, बहुधा अर्धवेळ, धरायचं. आधी गॅमा किरणांचं खगोलशास्त्र, मग क्ष-किरणांचं, मग अवरक्त किरणांचं. १९९१मध्ये ओपन युनिव्हर्सिटीत ती प्राध्यापक झाली, तेव्हा ब्रिटनमधल्या भौतिकशास्त्राच्या स्त्री-प्राध्यापकांची संख्या दुप्पट झाली, असं सांगतात. म्हणजे एकावरून दोन.

इथे मला आमच्या इंदूरच्या लेकीची आठवण येते. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची बहीण. जन्म १९११, इंदूर. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठात पहिली येऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तर संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. तिने सत्याग्रहाची भाषा केली. शेवटी प्रवेश मिळाला तो वर्षभर पारखून पाहण्याच्या बोलीवर, आणि अट अशी, की तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षाने रामन यांचं मत बदललं आणि मुलींना दार उघडलं, हेही नोंदवायला हवं. १९३९मध्ये तिने केंब्रिजची पीएचडी मिळवली. त्या केंब्रिजला बायकांना पूर्ण हक्काची पदवी द्यायला १९४८ उजाडलं. ज्या दिवशी माझी भाची कॅट पाहायला गेली तो विज्ञान दिन रामन परिणामाच्या शोधाचा दिवस आहे. मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या.

जोसेलिन, लग्नानंतरच्या बेल बर्नेल, यांनी पुढे नुसती भाषणं केली नाहीत. त्यांनी आणि काही ज्येष्ठ स्त्री-शास्त्रज्ञांनी ज्या खटपटी केल्या त्यांतून २००५मध्ये ब्रिटनमध्ये ‘अथेना स्वान’ सनद आली. तिचा गाभा हिशेबी आहे: मुलींना सुधारू नका, संस्थेला सुधारायला लावा. भरती, बढती, बाळंतपणाची रजा यांचे आकडे संस्थेने स्वतः मांडायचे आणि त्यावर कांस्य, रौप्य, सुवर्ण दर्जा मिळवायचा. भारतानेही त्याच धर्तीवर २०२०मध्ये ‘गती’ हा उपक्रम सुरू केला. त्याआधी, २०१९मध्ये, भारतीय भौतिकशास्त्रज्ञांनी भौतिकशास्त्रातल्या स्त्री-पुरुष समतेसाठी हैदराबाद सनद मांडली होती. त्या कामात प्रज्वल शास्त्री या खगोलभौतिकशास्त्रज्ञ पुढे होत्या.

२०१८मध्ये जोसेलिनना ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, तीस लाख डॉलर. त्यांनी सगळी रक्कम भौतिकशास्त्रात पीएचडी करू पाहणाऱ्या, पण एरवी मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली: स्त्रिया, अल्पसंख्याक, निर्वासित. कारण त्यांनी स्वतःच सांगितलंय. आपण इथले नाही असं वाटत होतं म्हणूनच आपण तो कागद एवढा बारकाईने वाचला. बाहेरून आलेल्यांना वेगळं दिसतं, तर त्यांना आत घ्या.

परवा भाची जर्नल घेऊन आली. साध्या लंबकाचा आलेख, सहा बिंदूंपैकी पाच रेषेवर, एक खाली घसरलेला. “खोडू?” आमच्याकडे रीडिंग जुळवून आणण्याची कला प्रयोगाच्या आधी शिकवली जाते आणि एकतीस वर्षं मीही “खोड” असंच म्हणत आले. या वेळी म्हटलं, खोडू नकोस, त्या लांबीला पुन्हा मोज.

तिने बाल्कनीत दोरा बांधून मोजलं. वीसऐवजी एकोणीसच आंदोलनं मोजली होती.