वेढ्यातली फळझाडं आणि ‘बल तश्खित’

शहराला कितीही दिवस वेढा पडला, तरी तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका; फळं खा, झाड राहू द्या. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या २०व्या अध्यायात ही आज्ञा आहे. फळ न देणारी झाडं तोडून वेढ्याच्या कामी लावायला मात्र तिथेच मुभा दिलेली आहे. निसर्गाबद्दलच्या जबाबदारीचा विषय निघाला की यहुदी अभ्यासक ज्या ‘बल तश्खित’ (नासधूस करू नये) या तत्त्वाचा हवाला देतात, ते या युद्धनियमातून निघालं.

रणांगणावरचा हा नियम घरात आणला तो बाबिलोनी तालमूदने, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथाने. दिवा अशा रीतीने झाकला की तेल विनाकारण जास्त जळेल, तर तोही या आज्ञेचा भंग, असं त्यात एका रब्बींचं मत नोंदलेलं आहे. इतकी बारीक नजर मला फार मोलाची वाटते. पण त्याच तालमूदमध्ये शमुएल या रब्बींची गोष्टही आहे. त्यांच्या वाटेकऱ्याने आणलेल्या खजुराला द्राक्षारसाची चव लागली. खजुराची झाडं द्राक्षवेलींमध्ये वाढून त्यांचा कस ओढत होती. शमुएलांनी ती उपटायला सांगितली, कारण वेली जास्त मोलाच्या होत्या.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये मायमोनिदीस या यहुदी धर्मशास्त्रकाराने हे सगळं कायद्याच्या भाषेत बांधलं. भांडी फोडणं, कपडे फाडणं, झरा बुजवणं, अन्न नासणं, सगळंच निषिद्ध. मात्र झाड दुसऱ्याच्या शेताला अपाय करत असेल किंवा त्याच्या लाकडाला चांगली किंमत येत असेल, तर तोडायला हरकत नाही. बंदी आहे ती निरर्थक नाशाला.

१९६७ साली इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या लेखात पर्यावरणसंकटाचं मूळ ख्रिस्ती परंपरेत आणि तिने यहुद्यांकडून घेतलेल्या सृष्टिकथेत दाखवलं. त्यानंतर यहुदी अभ्यासकांनी ‘बल तश्खित’ नव्याने पुढे आणलं. माझ्या मते केवळ त्यावर भिस्त ठेवणं अपुरं आहे, कारण तिथे तराजू माणसाच्याच हाती राहतो. त्याहून खोल जाते ती ‘शमिता’: दर सातव्या वर्षी इस्राएलची जमीन पडीक ठेवायची, कारण ‘लेवीय’ ग्रंथाच्या २५व्या अध्यायानुसार जमीन देवाची आहे आणि माणूस तिथे उपरा.

तीही पाळणं सोपं नव्हतं. १९०९-१० च्या शमितेत पॅलेस्टाइनमधल्या नव्या यहुदी वसाहतींमधले शेतकरी उपाशी राहू नयेत म्हणून तिथल्या याफा शहराचे रब्बी अब्राहम आयझॅक कूक यांनी जमीन तात्पुरती बिगरयहुद्याला विकून शेती चालू ठेवण्याची वाट उचलून धरली. अनेक कट्टर रब्बींना ती मान्य नव्हती. २०२१-२२ च्या शमितेतही काहींनी शेतं खरंच पडीक ठेवली, तर काहींनी हीच कागदोपत्री विक्री केली.