गॅसच्या टाकीवरचं अनुदान: आधी भावात, मग खात्यात, मग शून्यावर

घरगुती गॅसची टाकी 14.2 किलोची असते. एका टनात अशा साधारण 70 टाक्या भरतात. एवढं माहीत असलं की पुढचा हिशेब तोंडी करता येतो. आंतरराष्ट्रीय बाजारात गॅस टनामागे 100 डॉलरने महागला आणि डॉलर 85 रुपयांना असला, तर टाकीमागे सुमारे 120 रुपये वाढतात. गॅसचा भाव जागच्या जागी राहून नुसता रुपया एका रुपयाने घसरला, तरी 550 डॉलर टन या भावाला टाकीमागे आठेक रुपये जास्त मोजावे लागतात. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून येतो आणि त्याचा भाव सौदी अरेबियाची सरकारी तेल कंपनी अरामको दर महिन्याला जाहीर करते त्या दरावर ठरतो. त्यात जहाजाचं भाडं, विमा, टाक्या भरण्याचा खर्च, वितरकाचं कमिशन आणि 5 टक्के जीएसटी मिळवायचा. ही बेरीज कोणत्याही सरकारच्या फारशी हातात नसते. ग्राहक देतो ती रक्कम आणि ही बेरीज यांच्यातला फरक कोणाच्या माथी मारायचा, एवढंच सरकार ठरवू शकतं. गॅसच्या अनुदानाचा सगळा इतिहास या एका निर्णयाभोवती फिरतो.

सुरुवातीला हा फरक कोणाला दिसतच नव्हता. मुंबईत बर्मा शेलने 1950 च्या दशकात स्वयंपाकाचा गॅस आणला, इंडियन ऑइलने 1965 मध्ये इंडेन सुरू केलं, आणि 1970 च्या दशकात कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर सर्व इंधनांचे भाव सरकार ठरवू लागलं. पेट्रोल आणि विमानाचं इंधन मुद्दाम महाग, रॉकेल आणि गॅस मुद्दाम स्वस्त ठेवायचे, आणि जमाखर्चाची तोंडमिळवणी ‘ऑइल पूल’ खात्यात करायची, अशी रीत होती. म्हणजे गाडीवाल्याच्या पैशातून चुलीला मदत. अर्थसंकल्पात त्याचा पत्ता नसे. मात्र स्वस्त गॅस पुरेसा नव्हता. जोडणीसाठी वर्षानुवर्षं नंबर लागायचा, आणि खासदारांच्या कोट्यातलं कूपन मिळणं ही मोठी ओळख मानली जाई. भाव कमी ठेवला आणि माल वाढवला नाही की रांग हाच खरा भाव होतो. रेशनच्या दुकानापासून गॅसच्या एजन्सीपर्यंत ते सगळीकडे दिसलं.

1 एप्रिल 2002 रोजी ही पद्धत मोडीत काढली. गॅस आणि रेशनच्या रॉकेलवरचं अनुदान अर्थसंकल्पातून द्यायचं आणि काही वर्षांत संपवायचं ठरलं. पहिल्या वर्षी टाकीमागे 67 रुपये 75 पैसे होते, पुढे ते 22 रुपये 58 पैशांवर आणून तिथेच ठेवलं. पण विक्रीचा भाव वाढवायला कोणी धजावलं नाही. त्यातच कच्चं तेल चढत गेलं आणि जुलै 2008 मध्ये पिंपाला 147 डॉलरवर पोचलं. तुटीला ‘अंडर-रिकव्हरी’ असं नाव मिळालं आणि तिच्या तीन वाटण्या झाल्या: काही भाग ओएनजीसी, ऑइल इंडिया आणि गेल या तेल-वायूच्या सरकारी कंपन्यांनी सवलतीच्या रूपात सोसायचा, काही विक्री कंपन्यांनी गिळायचा, उरलेल्यासाठी सरकारने रोख रकमेऐवजी तेल रोखे, म्हणजे पुढे व्याजासह फेडायच्या कर्जाच्या चिठ्ठ्या, द्यायचे. असे सुमारे 1.4 लाख कोटींचे रोखे निघाले. त्यांचं व्याज आणि मुद्दल पुढची सरकारं फेडत राहिली. एका पिढीची स्वस्त टाकी दुसऱ्या पिढीच्या करातून भरली गेली, असं म्हटलं तर ते अन्यायाचं होणार नाही.

दुहेरी भावाचा दुसरा तोटा रॉकेलमध्ये सर्वांत उघडा पडला. रेशनचं रॉकेल डिझेलपेक्षा इतकं स्वस्त होतं की ते डिझेलमध्ये मिसळणं हाच एक धंदा झाला. ओळखू यावं म्हणून रॉकेलला निळा रंग दिला, पण भेसळ थांबली नाही. जानेवारी 2011 मध्ये मनमाडजवळ इंधनमाफियांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. गॅसमध्येही तेच, फक्त कमी रक्तरंजित: घरगुती टाकी हॉटेलच्या भटारखान्यात, गाडीच्या टाकीत, एकाच घरात तीन-तीन जोडण्या.

सप्टेंबर 2012 मध्ये केंद्राने वर्षाला फक्त सहा अनुदानित टाक्यांची मर्यादा घातली. आरडाओरडा झाला. जानेवारी 2013 मध्ये सहाच्या नऊ झाल्या आणि निवडणूक तोंडावर आल्यावर जानेवारी 2014 मध्ये नऊच्या बारा. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला सात-आठ टाक्या पुरतात. बारावर आल्यावर मर्यादेला फारसा अर्थ उरला नाही. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत अनुदानित टाकी 414 रुपयांना होती आणि विनाअनुदानित 1,241 रुपयांना. एकाच वस्तूत 827 रुपयांचा फरक असेल तर ती वळवण्यासाठी वेगळं कारण लागत नाही.

यावर उपाय म्हणून जून 2013 मध्ये काही जिल्ह्यांत थेट खात्यात अनुदान सुरू झालं. ते 2014 च्या सुरुवातीला थांबलं, आणि 15 नोव्हेंबर 2014 पासून 54 जिल्ह्यांत व 1 जानेवारी 2015 पासून देशभर ‘पहल’ नावाने परत आलं. टाकी सर्वांना बाजारभावानेच द्यायची, फरक बँकेत जमा करायचा. पहिली टाकी घेताना खिशाला झळ बसू नये म्हणून 568 रुपये एकदाच आगाऊ दिले. यासाठी गॅस ग्राहक क्रमांक, आधार आणि बँक खातं ही तिन्ही टोकं जुळावी लागतात, आणि घोळ होतो तो तिथेच. आधारवरून पैसे पाठवले की ते सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. नंतर कुठे दुसरं खातं उघडताना आधार दिलं असेल, तर पैसे तिकडे जमा होतात आणि ग्राहक एजन्सीत हेलपाटे घालत बसतो. खरं तर चौकशी बँकेत करायची असते: आधार सध्या कोणत्या खात्याशी जोडलेलं आहे?

वळवावळवी आणि दुबार जोडण्या कमी झाल्या, हे मान्य. 2015 मध्ये अनुदान स्वतःहून सोडण्याची ‘गिव्ह इट अप’ मोहीम झाली, 2016 पासून 10 लाखांहून अधिक करपात्र उत्पन्नाची कुटुंबं वगळली. पण या पद्धतीचा एक परिणाम पुष्कळांच्या लक्षात उशिरा आला. भावात मुरलेलं अनुदान काढायचं तर भाववाढ जाहीर करावी लागते. खात्यातलं अनुदान मात्र गाजावाजा न करता आटवता येतं. जुलै 2016 पासून टाकीमागे महिन्याला 2 रुपये आणि जून 2017 पासून 4 रुपये अशी कपात सुरू होती. मे 2020 मध्ये जागतिक भाव इतके पडले की दिल्लीत बाजारभाव 581 रुपये 50 पैशांवर आला आणि फरकच उरला नाही. अनुदान शून्य झालं. पुढे सौदीचा दर एप्रिल 2020 मधल्या टनाला 236 डॉलरवरून दोन वर्षांत साडेनऊशेच्या वर गेला, टाकी हजारावर गेली, तरी दुर्गम भागातला वाहतूक खर्च सोडला तर सर्वसाधारण ग्राहकाचं अनुदान परतलं नाही.

उरलं ते उज्ज्वलापुरतं. गरीब घरातल्या महिलांना गॅसजोडणी देणाऱ्या आणि मे 2016 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झालेल्या या केंद्राच्या योजनेत जोडणीमागे 1,600 रुपये सरकार देई. शेगडी आणि पहिला गॅस उधारीवर मिळे आणि ती उधारी अनुदानातून कापली जाई. म्हणजे ज्या घराला पहिल्या काही टाक्यांना मदत सर्वांत जास्त हवी, त्यालाच ती मिळत नसे. टाक्या कोपऱ्यात पडून राहिल्या तेव्हा 2018 मध्ये ही वसुली सहा टाक्यांपर्यंत पुढे ढकलली, 5 किलोची छोटी टाकीही आली. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर 2019 मध्ये औरंगाबादच्या कार्यक्रमात दिली गेली. मे 2022 मध्ये उज्ज्वलाला टाकीमागे 200 रुपये सुरू झाले, ऑक्टोबर 2023 मध्ये 300.

बाकीच्यांसाठी सरकार पुन्हा जुन्याच वाटेला लागलं. ऑगस्ट 2023 मध्ये 200 आणि मार्च 2024 मध्ये 100 रुपये सर्वांसाठी कमी झाले, मुंबईत 1,102.50 रुपयांची टाकी 802.50 वर आली, एप्रिल 2025 मध्ये 852.50 झाली. तूट या कपातींच्या आधीपासूनच कंपन्यांच्या वहीत साचत होती आणि ती भरायला ऑक्टोबर 2022 मध्ये 22,000 कोटी, ऑगस्ट 2025 मध्ये 30,000 कोटी मंजूर झाले. नाव बदललं, ‘अंडर-रिकव्हरी’ तीच.

महाराष्ट्राने 2024 मध्ये यावर मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेचा थर चढवला: उज्ज्वला आणि लाडकी बहीणच्या पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्यांचे पैसे परत. उज्ज्वलात केंद्राचे 300 आणि राज्याचे 530, लाडकी बहीणसाठी पूर्ण 830 राज्याचे. अट अशी की टाकी 14.2 किलोचीच, महिन्याला एकाच टाकीचा परतावा, आणि जोडणी महिलेच्या नावावर. जुनी गॅसकार्डं बहुतेक घरच्या पुरुषाच्या नावावर असल्याने अशा घरांना आधी एजन्सीत नावबदलाचा अर्ज द्यावा लागतो.